भाकर उभी करायची जागा

एसटीच्या वर्कशॉपमध्ये मी चौतीस वर्षं वेल्डर होतो. चेसीस तडकली, सायलेन्सर फुटला, टपावर चढायची शिडी निखळली, की पहिली हाक मलाच. "उकंडराव, जरा येऊन पाहा." मी गेलो, पाहिलं आणि जोडता आलं नाही, असं एकदाही झालं नाही. ही बढाई नाही असं म्हणणार होतो. पण बढाईच आहे, फक्त खरी आहे. म्हणून फेब्रुवारीत माझा भाचा प्रसेनजित पुण्याहून फोनवर म्हणाला, "मामा, आईचं आता आपल्या हातात काही राहिलं नाही," तेव्हा मला आधी राग आला. हातांचाच प्रश्न असेल तर माझे दोन्ही अजून शाबूत होते.

त्याची आई म्हणजे माझी मोठी बहीण, भिमाबाई. आमच्याकडे मोठ्या बहिणीला नुसतं 'बाई' म्हणतात, तसं मीही म्हणतो. जळगाव जामोदपासून नऊ किलोमीटरवर, सातपुड्याच्या पायथ्याला तिचं गाव. नवरा, म्हणजे आमचे कचरूभाऊजी, अकरा वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून दोन खोल्या, एक अंगण आणि एक चूल एवढ्या संसारात ती एकटी. त्या चुलीनंच घात केला. थंडीत खोकला लागला तो थांबेना. डॉक्टरनं छातीचा फोटो काढला, उजेडात धरला आणि विचारलं, "आजी, किती वर्षं चुलीपुढे?" बाईनं बोटं मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली. डॉक्टर म्हणाला, यापुढे धूर नको, पुढचा हिवाळा असा काढला तर नाकाला नळी लागेल.

प्रसेनजितनं निकाल लावला. "मार्चच्या शेवटी मी सुट्टी काढून येतो. तोवर घरातला धूर बंद झालेला नसेल तर मी आईला सरळ घेऊन जाणार. मग तुम्ही मधे पडू नका, मामा."

तुम्ही विचाराल, गॅस नव्हता का? होता ना. शेगडीवर तिनं प्लास्टिकच्या फुलांची कुंडी ठेवली होती. पाहुणे आले की कुंडी उचलायची, चहा करायचा, कुंडी पुन्हा जागेवर. "गॅसवर भाकर शिजते, भाजत नाई," हे तिचं ठरलेलं वाक्य. यावर वाद घालून मी दोनदा हरलो आणि तिसऱ्यांदा गप्प बसून जेवलो.

खरं सांगायचं तर मला तिच्या छातीची जेवढी काळजी होती तेवढीच माझ्या संध्याकाळची होती. मी रिटायर झालो आणि सहाच महिन्यांत माझी बायको रेणुका गेली. लेकरू आम्हाला नाही. जळगाव जामोदच्या घरात मी आणि माझं वेल्डिंग मशीन, दोघंच. दुपारी कुठे तरी खाणावळीत पोट भरायचं आणि चार वाजले की मोटरसायकलला किक मारून बाईकडे. साडेतीन वर्षांत एक दिवस खाडा नाही. ती पुण्याला गेली तर मी चार वाजता कुठे जायचं? आणि माझ्या वयाच्या माणसाला हे असलं कुणाला बोलूनही दाखवता येत नाही.

आमचं नातं साधं बहीणभावाचं नाहीच. माय गेली तेव्हा मी पाच वर्षांचा आणि बाई बारा. चौथीतून तिची शाळा सुटली ती चुलीपुढे बसण्यासाठी. पंधराव्या वर्षी तिचं लग्न झालं. बापाला दारूपुढे मी दिसत नव्हतो, म्हणून लग्नात तिच्याबरोबर एक हंडा, एक खाट आणि मी असे तिघे सासरी गेलो. कचरूभाऊजींनी कधी चकार शब्द काढला नाही. पुढे मी खामगावला आयटीआयला होतो तेव्हा ती सकाळच्या एसटीत ड्रायव्हरजवळ फडक्यात बांधून भाकरी द्यायची. स्टँडवर मी उभा असायचो. गाडी थांबायच्या आधी मला वास यायचा, असं मी मित्रांना सांगायचो. डिझेलच्या वासात भाकरीचा वास कसला येतो म्हणा, पण यायचा.

तर मी कामाला लागलो. मोबाइलवर एक गोरा माणूस लोखंडाची चूल करताना दिसला होता. रॉकेट चूल म्हणतात तिला. दिसायला सोपी. एक आडवा पाइप, त्याला काटकोनात उभा पाइप जोडायचा. आडव्यात बारीक काटक्या सारायच्या, जाळ उभ्या पाइपात ओढला जातो आणि आतच इतका तापतो की धूर बाहेर यायच्या आधीच जळून जातो. वर निघते ती नुसती आग. त्या गोऱ्याचं वेल्डिंग मात्र इतकं भिकार होतं की माझ्या हाताखाली असता तर मी त्याला टायरच्या सेक्शनला पाठवला असता.

आमच्या भागात या चुलीला जळण तयारच आहे. फेब्रुवारीत कपाशी उपटून पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर पडलेले असतात, तुरीच्या तुऱ्हाट्या असतात. बोटाएवढ्या जाड, खणखणीत वाळलेल्या. कागदावर आकृती काढताना मलाच वाटलं, ही चूल वऱ्हाडासाठीच कुणीतरी शोधली आहे.

भंगारवाल्याकडून पाच इंची पाइप आणला, तीन मिलीमीटर जाडीचा. गुण्या लावून खडूनं खूण केली, पंचेचाळीस अंशात दोन्ही तोंडं कापली आणि जोडली. उभा भाग आडव्याच्या दुपटीहून जास्त ठेवला, कारण ओढ उंचीतून येते, हे मला बसच्या सायलेन्सरनं शिकवलं आहे. आडव्या पाइपात मधोमध एक पट्टी बसवली: वर काटक्या, खालून हवा. हे सगळं ग्रीसच्या रिकाम्या डब्यात उभं केलं आणि भोवतीच्या पोकळीत राख ठासली, म्हणजे आतली गरमी आतच राहते. राख बाईच्याच चुलीतली, चाळून आणलेली. वर तवा टेकायला तीन टेकू, बाजूला बादलीची जाड कडी, म्हणजे वारा फिरेल तशी उचलून हलवता येईल. चार दिवसांत चूल तयार. रंग द्यायचा मोह आवरला, कारण पहिल्या जाळात रंग जळून घाण वास सुटतो. पाचव्या दिवशी ती मोटरसायकलच्या मागे बांधली आणि निघालो. रस्त्यात दोघांनी विचारलं, पंप कुणाच्या शेतावर बसवता?

बाई अंगणात तूर पाखडत होती. तिनं डब्याला सगळीकडून पाहिलं.

"हे काय आनलं बे उकंडा?"

"रॉकेट चूल हाय, बाई."

"रॉकेट? मले वर धाडाची एवढी घाई झाली काय तुले?"

मी हसलो नाही. माणसानं चार दिवस घाम गाळला की त्याला विनोद समजत नाही. मी काटक्या लावल्या, कागद पेटवला. आधी थोडा पांढरा धूर आला आणि बाईनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग आतून 'घूंऽऽ' असा आवाज सुरू झाला, घाट चढणाऱ्या गाडीसारखा, आणि धूर गायब. वर नुसती स्वच्छ, पिवळी आग. तांब्याभर पाण्याला उकळी येईपर्यंत मी तिला हवा कशी शिरते ते समजावलं. तिनं मधेच मूठभर पऱ्हाट्या चुलीच्या तोंडात कोंबल्या आणि चूल गुदमरून धुरकटली.

"खालची वाट मोकळी ठेव, बाई. चार-चारच काड्या सारायच्या."

"चुलीचं मले नको शिकवू," ती म्हणाली, पण दोन काड्या मागे ओढल्या. धूर बसला. ती ते पाहत राहिली. मग हातानं चुलीवरची हवा आपल्याकडे ओढून हुंगली, पुन्हा हुंगली आणि खोकली नाही. त्या क्षणी मला वाटलं, जिंकलो. प्रसेनजितनं आता खुशाल यावं आणि एवढंसं तोंड करून परत जावं.

तिनं काठवटीत पीठ घेतलं. कळण्याचं, ज्वारीत उडीद घालून दळलेलं. भाकर थापली, तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, उलटली. सगळं माझ्या चुलीवर. मग तिनं भाकर तव्यावरून उचलली आणि हात हवेत तसाच धरून चुलीच्या भोवती पाहू लागली. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. काही हरवल्यासारखी.

"आता हे कुठी उभी करू?"

"काय?"

"भाकर."

"कुठी म्हंजे? तव्यावर."

"तव्यावर भाकर निजते, बाप्पा. उभी कुठी करू, थे सांग. निखारे कुठी हायत तुह्या रॉकेटात?"

मला कळेचना ती काय विचारते आहे. तिनं भाकर टोपल्यात टाकली, हात झटकले आणि मला जुन्या चुलीपाशी नेऊन दाखवलं, लहान पोराला दाखवतात तसं. चुलीच्या तोंडाशी निखारे पुढे ओढलेले असतात. तव्यावरून उतरलेली भाकर त्या निखाऱ्यांसमोर, चुलीच्या कडेला टेकून उभी करायची. ती तिथे शेकते, फिरवली की फुगते. आणि तेवढ्या वेळात तव्यावर दुसरी पडलेली असते. एक निजलेली, एक उभी. भाकर भाजते ती इथे, तव्यावर नाही. माझ्या चुलीत सगळं जळून मूठभर राख उरत होती. निखारा नावालाही नव्हता.

"पन्नासच्या वर वर्सं झाली तुले माह्या हातचं खाऊन," ती म्हणाली. "डोये झाकून खाल्लं काय बे?"

ती हसत म्हणाली, पण मला ते जिव्हारी लागलं. मी पाइपाचा व्यास मोजला होता, ओढ मोजली होती, पऱ्हाटीची जाडी मोजली होती. ज्या एका कामासाठी चूल करायची ते काम मात्र मी कधी पाहिलंच नव्हतं. मी तिच्यासमोर बसून जेवलो, गप्पा मारल्या, परीक्षेत पास झाल्याचं सांगितलं, रेणुकाचं स्थळ आल्याचं सांगितलं आणि ती माझ्याकडे तोंड करून हात मात्र निखाऱ्यांकडे चालवत राहिली. मी फक्त ताटाकडे पाहिलं. मला स्वतःची इतकी लाज वाटली की त्या दिवशी मी अर्ध्या भाकरीवर उठलो.

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन गेलो. म्हटलं, मला सगळं नीट पाहायचंय. पण पाहायचं म्हणजे तिनं जुन्या चुलीपुढे, धुरात बसायचं. ते तर बंद करायचं होतं. शेवटी मी म्हणालो, "तू खाटेवर बस तिकडं, लांब. तू सांग, म्या करतो."

ती नको म्हणेल असं वाटलं होतं. तिनं खाट लिंबाच्या बुडाशी ओढली, मांडी घातली आणि हुकूम सोडायला सुरुवात केली.

"पानी ओतू नको, हातानं लाव. पीठ आनखी मय. आनखी. तुह्या बसचं टायर नोहे थे, हयू. हां. आता थाप. बोटं नको रुतवू, तयहातानं फिरव."

माझी पहिली भाकर फाटक्या नकाशासारखी झाली. दुसरी तव्याला चिकटली. तिसरी मी निखाऱ्यांसमोर उभी केली आणि ती तोंडावर पडली. बाई खाटेवर पोट धरून हसत होती. हसताना खोकला आला तरी हसत होती. शेजारच्या सिंधूताईंच्या म्हशीला त्या आठवड्यात भाकरींची चंगळ झाली. आणि धूर! डोळ्यांत गेलेला धूर तसा सगळ्यांना ठाऊक असतो. पण तो अर्धा तास, तासभर, मान न फिरवता सोसायचा, कारण भाकर तेवढ्यात करपते, हे मला बासष्टाव्या वर्षी कळलं. मी डोळे पुसत पुसत विचार करायचो, ही बारा वर्षांची होती. आणि तेव्हा मी शाळेतून येऊन 'अजून झालं नाही का' म्हणून पाय आपटायचो. डोळ्यांचं पाणी धुराचं होतं म्हणा. थोडं धुराचं नव्हतं.

असे दहा-बारा दिवस गेले. संध्याकाळी तिच्या अंगणात भाकर शिकायची, सकाळी माझ्या घरी चूल सुधारायची. उपाय सापडला तो असा: आडव्या पाइपाच्या पोटाला, जिथे काटक्यांची टोकं जळतात तिथे, भोक पाडून सळयांची जाळी बसवायची. निखारा तयार झाला की तो जाळीतून खाली पडणार. खाली पत्र्याचा खण, टेबलाच्या खणासारखा पुढे ओढता येणारा. खण ओढला की समोर निखारे आणि खणाच्या मागे वीतभर उंच पत्रा, भाकर टेकवायला. पहिल्या जाळीच्या सळया फार जवळ बसल्या, निखारे वरच अडकले. दुसरीच्या फार लांब, सगळा जाळच खाली आला आणि चूल विझली. तिसऱ्या वेळी मी मोजपट्टी बाजूला ठेवली, दोन सळया बाईकडे नेऊन तिची करंगळी त्यांच्या मधे धरली आणि तेवढं अंतर ठेवलं. ते बरोबर निघालं. तुऱ्हाटीचा निखारा लवकर मरतो, पऱ्हाटीचा टिकतो, हेही कळलं. म्हणून आधी तुऱ्हाटी, मागून पऱ्हाटी.

प्रत्येक बदलानंतर तपासायला मलाच भाकरी कराव्या लागत. दोन भाकरी करायच्या, फडक्यात गुंडाळायच्या आणि नऊ किलोमीटर नेऊन बाईला दाखवायच्या. ती डॉक्टरसारखी उजेडात धरायची.

"पापुद्रा नाई सुटला. निखारा कमी पडला."

"इथं काय झालं?"

"इथं तुह्यं लक्ष नोहतं."

एके दिवशी तिनं भाकर फोडली, पापुद्रा अलगद सुटला, तिनं एक तुकडा तोंडात टाकला आणि काहीच बोलली नाही. म्हणजे दोष निघाला नाही. मी घरी जाताना मोटरसायकलवर शीळ घालत होतो. गेल्या साडेतीन वर्षांत मी शीळ घातली नव्हती.

मार्चच्या शेवटच्या शनिवारी प्रसेनजित आला. "जयभीम मामा" म्हणाला, पाया पडला आणि लगेच खिशातून बोटाला लावायचं ते ऑक्सिजनचं यंत्र काढलं. पोरगा हुशार आहे, चाकणला मोठ्या कंपनीत क्वालिटी तपासतो. घरातही तेच करतो.  मी चूल अंगणात मांडली, चार तुऱ्हाट्या लावल्या, घूंऽऽ सुरू झालं. बाई पुढे बसली. तिच्या बोटाला यंत्र लावायचा त्याचा विचार होता, पण बोटांना पीठ, म्हणून ती थांबेपर्यंत त्याला ताटकळावं लागलं. तिनं सात भाकरी केल्या. एक निजलेली, एक उभी. खण ओढला, निखारे पुढे घेतले, भाकर टेकवली, फिरवली आणि ती टम्म फुगली. एकदाही खोकली नाही. हात धुऊन तिनं बोट पुढे केलं. प्रसेनजितनं आकडा पाहिला, यंत्र बंद केलं, पुन्हा लावलं, पुन्हा पाहिला.

"मामा, मानलं तुम्हाला," तो म्हणाला. "मी हरलो. राहू दे आईला इथेच."

मला काय वाटलं ते कसं सांगू? वर्कशॉपमधून निघालो तेव्हा साहेबांनी शाल दिली होती, त्या दिवशीही छाती एवढी भरून आली नव्हती. मी ताटावर बसलो. बाईनं वाढलं. सगळ्यांचं जेवण होईपर्यंत ती वाढत राहिली. मग ताट उचलता उचलता म्हणाली, "पश्या, माह्यं बी तिकीट काढ. मी येते पुन्याले."

प्रसेनजित माझ्याकडे पाहू लागला, मी त्याच्याकडे.

"काऊन?" मी म्हणालो. "आता तं धूर नाई ना, बाई?"

"धुराचं कोन बोलून राह्यलं?" तिनं ताट खाली ठेवलं. "पश्याची समता तीन वर्साची झाली. दोनदा पाह्यलं म्या तिले, दोनदा. फोनमंदी आज्जी म्हनते अन् समोर गेली तं मले वयखत नाई. मले जायाचंच होतं पयलेपासून."

"मग इतके दिवस नको काऊन म्हनत होती?"

तिनं ताटातलं खरकटं एका कडेला गोळा केलं. सांगावं की नाही याचा ती विचार करत असावी.

"रेनुका गेली तवा तू कसा झाल्ता, तुले याद नाई. चार दिवस पोटात अन्न नोहतं. चार वाजले की तू येशीन, म्हनून मी पेटवत होती चूल. माह्या एकटीसाठी काय दोन टाइम चूल पेटवते काय कोनी? सकायचीच भाकर पुरते मले."

 मी मनातल्या मनात हिशेब लावत होतो आणि तो संपत नव्हता. साडेतीन वर्षं. रोज संध्याकाळी. तो सगळा धूर माझ्या भाकरीचा होता. डॉक्टरनं उजेडात धरलेल्या त्या फोटोत मीच होतो आणि मी घरी बसून पाइप कापत होतो की बाई कशी इथे राहील.

"आई, चूल सोबत घेऊ," प्रसेनजित म्हणाला. त्याला काहीतरी बोलायचं होतं म्हणून. "बाल्कनीत मावेल. कडी आहेच उचलायला."

"नाई. थे उकंडाची हाय. तठी मी गॅसवर करीन. शिजली तरी चालते. तीन वर्साच्या लेकराले काय कयते भाजलेली का शिजलेली."

मंगळवारी शेगावहून गाडी होती. सकाळी मी माझ्या घरी चूल पेटवली आणि आठ भाकरी केल्या. आठही फुगल्या. ठेचा केला, तो जरा जास्त झणझणीत झाला. सगळं फडक्यात बांधलं आणि त्यांच्याबरोबर एसटीनं शेगावला गेलो. फलाटावर गर्दी होती, दर्शन करून निघालेले लोक, प्रसादाच्या पिशव्या. गाडीला अर्धा तास होता. प्रसेनजित डबा कुठे लागतो ते पाहायला गेला.

बाई बाकावर बसली आणि तिनं फडकं सोडलं. मी म्हणालो, "गाडीत खाजो ना." तिनं ऐकलं नाही. भाकर मोडली, ठेचा लावला आणि खाऊ लागली. सावकाश, नीट, एकेक घास. मी शेजारी पाण्याची बाटली धरून उभा होतो. आयुष्यभर ती आम्हा सगळ्यांच्या मागून जेवली, तेव्हा पाणी धरायला तिच्याजवळ कुणी नव्हतं. मीही नव्हतो.

"काठ जाड राह्यले," ती म्हणाली. अख्खी भाकर खाल्ली. शेवटचा तुकडासुद्धा सोडला नाही.

मला राहवलं नाही. मला वाटलं हे आता बोललो नाही तर कधीच बोलणार नाही.

"बाई, हे चूल म्या तू जाऊ नाई म्हनून केली व्हती."

तिनं पदरानं तोंड पुसलं. माझ्या हातातली बाटली घेतली, दोन घोट प्यायली आणि बाटलीला झाकण लावलं.

"मले ठाव होतं," ती म्हणाली. "म्हनून तं मी खाटेवर बसून तुले भाकर शिकवली."

दुरून गाडीचा आवाज आला. प्रसेनजित पळत आला, पिशव्या उचलल्या, "आई, चल, चल" म्हणाला. बाई उठली, उरलेल्या सात भाकरींचं गाठोडं तिनं स्वतःजवळ घेतलं आणि माझा हात न धरता डब्यात चढली.